आपोआप टिपलेला चंद्र

कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक दातेरी चकती असते. तिच्यावर ‘पी’, ‘एस’, ‘ए’ आणि ‘एम’ अशी चार इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात. काही कंपन्या ‘एस’ला ‘टीव्ही’ आणि ‘ए’ला ‘एव्ही’ म्हणतात, पण अर्थ तोच. या अक्षरांच्या शेजारी बहुधा एक हिरवी खूण असते. आमच्या ओळखीच्या बहुतेक घरांत कॅमेरा दुकानातून आला त्या दिवशी ही चकती हिरव्या खुणेवर नेऊन ठेवली गेली आणि ती आजतागायत तेथेच आहे. मुंज असो की महाबळेश्वरची सहल, कॅमेरा रोखावा, बटण दाबावे, बाकीचे त्याचे तो पाहतो. यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. फोडणी जळू नये म्हणून कोणी थर्मामीटर घेऊन स्वयंपाकाला बसत नाही, तसेच हे.

परंतु हाच कॅमेरा दुर्बिणीला लावला की चकतीवरच्या त्या अक्षरांना एकाएकी वेगळाच अर्थ येतो. दुर्बीण आणि कॅमेरा अशी दोन्ही बाळगणारी घरे आता आपल्याकडे थोडी राहिलेली नाहीत. पुष्कळांना वाटते, कॅमेरा जोडला, बटण दाबले, चंद्र आला. येतो तो पांढरा पेढा. मग दुर्बीण माळ्यावर जाते. ती तेथे जाऊ नये एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच. मी मराठी शिकवते. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध शाळेत सुटला. तेव्हा जे सांगेन ते गच्चीवर पाहिलेले आणि घरच्या भाषेतले असेल.

प्रथम ही जोडणी कशी होते ते पाहू. कॅमेऱ्याचे भिंग काढून टाकायचे आणि त्या जागी ‘टी-रिंग’ नावाचे एक कडे बसवायचे. कड्याला एक आखूड नळी असते. आपण जेथे डोळा लावतो ती नेत्रिका दुर्बिणीतून काढायची आणि तेथे ही नळी सरकवायची. आता दुर्बीण हेच कॅमेऱ्याचे भिंग झाले. मात्र कॅमेऱ्याला याचा पत्ता नसतो. नेहमीच्या भिंगाच्या बुडाशी पितळी ठिपके असतात आणि त्यांतून भिंग व कॅमेरा यांचे हितगुज चालते. दुर्बिणीला असले ठिपके नाहीत. त्यामुळे आपल्या तोंडाला भिंगच नाही अशी कॅमेऱ्याची समजूत होते आणि तो छिद्राच्या आकड्याच्या जागी दोन शून्ये किंवा दोन आडव्या रेघा दाखवू लागतो. काही कॅमेरे तर अशा वेळी ‘एम’खेरीज कशावरही बटण दाबू देत नाहीत. काहींच्या यादीत ‘भिंगाविना शटर चालू द्यावे’ अशा अर्थाची एक सोय असते, ती आधी चालू करावी लागते. दुर्बीण विकत घेण्यापूर्वी आपला कॅमेरा यांपैकी कोणत्या जातीचा आहे हे पाहून ठेवलेले बरे.

छायाचित्राला किती उजेड मिळावा हे तीन गोष्टी ठरवतात. भिंगाचे छिद्र किती मोठे, शटर किती वेळ उघडे आणि संवेदक किती तल्लख. बादली भरायची तर नळ किती सोडला आणि किती वेळ सोडला याचाच हिशेब असतो. ज्या घरात धार बारीक, तेथे वेळ जास्त. ‘एस’वर वेळ आपण ठरवायची आणि छिद्र कॅमेऱ्याने लहानमोठे करायचे. ‘पी’वर दोन्ही कॅमेऱ्याच्या हाती. ‘ए’वर छिद्र आपण ठरवायचे आणि वेळ कॅमेऱ्याने शोधायची. ‘एम’वर सगळा कारभार आपला.

दुर्बिणीचे छिद्र लहानमोठे होत नाही. आमच्या दुर्बिणीचा आरसा ६ इंच व्यासाचा आणि त्याचे नाभ्यंतर ४८ इंचांचे. ४८ला ६ने भागले की ८ येतात, आणि ते आठच राहतात. ‘एस’ आणि ‘पी’ यांना जी तोटी फिरवायची असते तीच येथे नाही, म्हणून ही दोन्ही अक्षरे दुर्बिणीवर निरुपयोगी. हिरवी खूणही त्याच माळेतली. उरला ‘ए’. त्याला छिद्र बदलायचे नसते. आत येईल तेवढा उजेड मोजायचा आणि त्यावरून वेळ काढायची, एवढेच त्याचे काम. छिद्राचा आकडा ठाऊक नसला तरी त्याचे अडत नाही. म्हणजे आपोआप चालणाऱ्या साऱ्या परिवारातला हा एकच दुर्बिणीच्या घरी नांदू शकतो.

येथेच आमच्या घरात वाद आहे. माझा पुतण्या अभियंता आहे आणि त्याच्या मते आकाशाच्या छायाचित्रणात ‘एम’शिवाय दुसरे अक्षर उच्चारणे हा अडाणीपणा होय. हौशी आकाशनिरीक्षकांत या पंथाचे लोक पुष्कळ. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही, हे पुढे दिसेल. पण ‘आपोआप’ या शब्दाबद्दल एकंदरीतच सुशिक्षितांना जी अढी असते ती मला मान्य नाही. १८४० साली न्यूयॉर्कमध्ये जॉन ड्रेपर याने चंद्राचे छायाचित्र घेतले तेव्हा चांदीचा मुलामा दिलेला पत्रा सुमारे २० मिनिटे चंद्राच्या उजेडात धरावा लागला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे प्रकाशाचे माप माणसाच्या अनुभवात आणि कागदी तक्त्यांत होते. स्वतः उजेड मोजून त्याप्रमाणे वागणारा कोडॅकचा ‘सुपर सिक्स-२०’ हा कॅमेरा १९३८ साली निघाला. सर्वस्वी आपोआप चालणारा आगफाचा ‘ऑप्टिमा’ १९५९ सालचा. ही माणसे काही आळशांच्या सोयीसाठी खपली नाहीत. उजेड बदलतो आणि हात तितक्या चपळाईने बदलत नाही, ही खरी अडचण होती. गच्चीवर ती अजूनही आहे.

आता ही दुर्बीण आमच्याकडे कोठून आली ते सांगायला हवे, कारण पुढचा सारा खटाटोप तिच्यापायी झाला. ती माझ्या सासऱ्यांनी केली. विकत आणली नाही; केली. काचेच्या दोन जाड चकत्या घ्यायच्या, एक पिंपावर पक्की बसवायची, मध्ये कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी घालून दुसरी तिच्यावर घासायची आणि घासता घासता पिंपाभोवती हळूहळू फेऱ्या घालायच्या. असे कित्येक आठवडे केले की वरच्या चकतीला बशीसारखी खोली येते. मग डांबरासारख्या राळेवर तिला झिलई द्यायची, मग वर अॅल्युमिनियमचा पातळ थर चढवून आणायचा. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याच्या माडीवर हे चालले होते. सासूबाई सांगतात, ‘‘मला आधी वाटलं, ह्यांनी कसला नवस केलाय की काय. प्रदक्षिणा आपल्या चालूच!’’

दुर्बीण झाली, गच्चीवर गेली, आळीतली मुले रांगा लावून शनीची कडी पाहू लागली. सासूबाईंनी मात्र तिच्यातून जवळजवळ कधी पाहिले नाही. पाहण्याची वेळ म्हणजे नेमकी जेवणाची, झाकपाकीची, दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी भाजी निवडण्याची वेळ. ‘‘उद्या बघू’’ असे म्हणता म्हणता वाडा पडला, इमारत झाली, सासरे गेले. आता सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत. लिफ्ट पाचव्या मजल्यापर्यंत जाते. तेथून गच्चीवर उभा लोखंडी जिना आहे आणि त्यांचे गुडघे तो जिना चढू शकत नाहीत. आमची बाल्कनी पश्चिमेला. संकष्टीचा चंद्र उगवतो पूर्वेला. म्हणून गेली काही वर्षे त्या दिनदर्शिकेतली चंद्रोदयाची वेळ पाहून, भिंतीकडे तोंड करून हात जोडतात आणि मग पानावर बसतात. एकदा त्या सहज म्हणाल्या, ‘‘अगं, तुझ्या त्या कॅमेऱ्यानं चंद्र खाली आणता येईल का?’’

तेव्हा कॅमेरा दुर्बिणीला लावणे भाग पडले. लगेच कळले की घरी केलेल्या दुर्बिणीत प्रतिमा जेथे स्पष्ट होते ती जागा नळीच्या इतकी जवळ असते की कॅमेऱ्याचा संवेदक तेथवर पोचतच नाही. पुतण्याने एक रविवार खर्ची घालून मुख्य आरसा नळीत चार सेंटिमीटर वर सरकवला. ज्यांना हे नको असेल त्यांनी मध्ये ‘बार्लो’ नावाचे भिंग घालावे. पण दुप्पट मोठे करणारे बार्लो घातले की आठाचे सोळा होतात आणि उजेड चौथाईवर येतो, हे लक्षात ठेवावे.

आता मुख्य मुद्दा. ‘ए’वर ठेवलेला कॅमेरा उजेड मोजतो खरा, पण कशाचा? साधारणतः तो सगळी चौकट पाहतो आणि तिची सरासरी मध्यम करड्या रंगाइतकी यावी असा वेळ काढतो. घर, झाड, माणसे, आकाश यांच्या सरासरीला हे शोभते. आमच्या दुर्बिणीत पूर्ण चंद्राची प्रतिमा सुमारे ११ मिलिमीटर व्यासाची पडते आणि कॅमेऱ्याचा संवेदक सुमारे २२ मिलिमीटर लांब व १५ रुंद आहे. म्हणजे पौर्णिमेचा चंद्रसुद्धा चौकटीचा तीन दशांशापेक्षा थोडा कमीच भाग व्यापतो. बाकीचे सगळे काळे. ज्यांनी परीक्षेचे पेपर तपासले आहेत त्यांना हे चटकन कळेल. शंभरांच्या वर्गात तीस हजर, सत्तर गैरहजर. गैरहजरांचे शून्य धरून सरासरी काढली, ती कमी आली, म्हणून हजर असलेल्या तीस जणांना तिप्पट गुण वाटले. ज्याला मुळात पन्नास होते त्याला शंभरांपैकी दीडशे मिळाले! चंद्राचा पेढा होतो तो असा. अष्टमीला उजळ भाग निम्माच असतो, त्यामुळे कॅमेरा सातपट उजेड देऊ पाहतो. तृतीयेच्या कोरीला काय होत असेल याची कल्पनाच करावी. चौकटीच्या मध्याला अधिक वजन देणारे कॅमेरे एवढे वाहवत नाहीत, पण दिशा तीच.

गंमत अशी की चंद्राचा स्वतःचा रंग त्या मध्यम करड्याच्या बराच जवळ आहे. आम्ही वर्गात मुखचंद्र, चंद्रिका, चंद्रकिरण शिकवतो आणि मुले ते सर्व रुपेरी समजून लिहून घेतात. वस्तुतः चंद्राचा पृष्ठभाग त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे १२ टक्केच परत पाठवतो. जुन्या डांबरी रस्त्याची कांती साधारण एवढीच असते. काळ्याकुट्ट आकाशात दुसरे काही उजळ नाही म्हणून तो आपल्याला पांढराशुभ्र भासतो. यातून एक सोपा उपाय निघतो. कॅमेऱ्याला सांगावे की बाबा, गैरहजरांचा विचार सोड, हजर असलेल्याचेच माप घे. याला ‘स्पॉट मीटरिंग’ म्हणतात. चौकटीच्या मधोमध एक लहानशी गोल जागा असते, तेवढीच मोजली जाते. ती जागा चंद्राच्या उजळ भागावर आणली की ‘ए’ने काढलेला वेळ बहुधा बिनचूक ठरतो. छायाचित्र जरा सावळे वाटले तर ते खरे आहे असे समजावे, आणि खरे नको असेल तर अधिक-उण्याच्या बटणाने तिसरा हिस्सा ‘अधिक’ द्यावे.

हे अधिक-उण्याचे बटण म्हणजे ‘ए’चा लगाम. ज्या कॅमेऱ्यात स्पॉट नाही त्यात ते उण्याकडे फिरवावे. छायाचित्रकार दुपटीला एक ‘स्टॉप’ म्हणतात. वरच्या हिशेबाने पौर्णिमेला दीड ते दोन स्टॉप उणे आणि अष्टमीला जवळजवळ तीन. कॅमेऱ्याचा स्वभाव पाहून यात थोडे पुढेमागे होईल. स्पॉट असला तरी एक सावधगिरी हवी. चंद्रावरचे काळसर डाग, ज्यांना ‘सागर’ म्हणतात, ते आजूबाजूच्या पठारांपेक्षा चांगलेच काळे आहेत. गोल जागा सागरावर आली की कॅमेरा वेळ वाढवतो आणि पठारे फिकटतात. म्हणून उजळ पठारावर माप घ्यावे, तारकाचिन्हाचे किंवा ‘लॉक’चे बटण दाबून ते माप धरून ठेवावे, आणि मग चंद्र चौकटीत हवा तसा बसवावा.

दुसरी एक गोष्ट मला कोणत्याही माहितीपत्रकात ठळकपणे लिहिलेली आढळली नाही. आरशाच्या जुन्या धर्तीच्या कॅमेऱ्यात प्रकाशमापक वर, डोळा लावायच्या खिडकीजवळ असतो. आपण डोळा लावतो तेव्हा ती खिडकी आपल्या कपाळाने झाकली जाते. दुर्बिणीवर मात्र धक्का बसू नये म्हणून आपण दूर उभे राहून, दोन सेकंदांचा विलंब लावून छायाचित्र घेतो, आणि खिडकी उघडी राहते. शेजारच्या इमारतीच्या जिन्यातला दिवा किंवा आपल्याच हातातली विजेरी त्या खिडकीतून आत डोकावते. चंद्र वाटतो त्याहून उजळ आहे असा प्रकाशमापकाचा ग्रह होतो आणि छायाचित्र काळे येते. कॅमेऱ्याच्या पट्ट्याला रबराचा एक लहान तुकडा ओवलेला असतो तो याच खिडकीचे झाकण आहे. पुष्कळ घरांत तो काय आहे हे न कळून फेकून दिला जातो. नव्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांना ही पीडा नाही, कारण तेथे संवेदक स्वतःच माप घेतो.

आणि शटर किती वेळ उघडे राहते याकडे लक्ष हवेच. आमच्या दुर्बिणीला पृथ्वीच्या फिरण्याबरोबर फिरणारे यंत्र नाही. चंद्र दोन मिनिटांत आपल्या एका व्यासाइतका सरकतो, म्हणजे चौकटीतून अक्षरशः चालत जातो. सेकंदाच्या तिसाव्या भागाहून अधिक वेळ शटर उघडे राहिले की विवरांच्या कडा पुसट होऊ लागतात. ‘ए’ला याची पर्वा नसते, उजेड कमी दिसला की तो बिनदिक्कत अर्धा सेकंद घेतो. त्याला आवरायचे ते संवेदनक्षमतेचा आकडा, म्हणजे आयएसओ, वाढवून. ४०० किंवा ८०० ठेवले तर चंद्रासाठी सहसा काळजी नसते.

२०२५ सालचे ७ सप्टेंबरचे खग्रास चंद्रग्रहण हा आमच्या घरातल्या वादाचा खरा कस होता. अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस; ढोलताशांनी कान अजून भरलेले आणि आकाशात पावसाळी ढगांचा लपंडाव. रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी चंद्राला खळी पडू लागली. पुतण्याने ‘एम’वर चंद्राचे माप पक्के केले होते. ढगाचा पातळ पदर आला की त्याचे छायाचित्र काळे आणि पदर सरला की ठीक. प्रत्येक वेळी तो विजेरीच्या उजेडात आकडे बदलत होता आणि त्याचे आकडे बदलून होईपर्यंत ढग बदलत होता. मी ‘ए’ लावून ठिपका उजळ भागावर धरत होते. ढग जाड असला की कॅमेरा थांबे, विरळ झाला की घाई करी. तो तास निर्विवाद माझा होता. ११ वाजून १ मिनिटाने चंद्र पूर्ण सावलीत गेला आणि पारडे फिरले. खग्रास चंद्र नेहमीच्या चंद्राच्या हजारो पटींनी मंद असतो. ‘ए’ चाचपडू लागला, आठ-आठ सेकंद शटर उघडे ठेवू लागला आणि चंद्राच्या जागी नारिंगी ओघळ येऊ लागला. पुतण्याने ‘एम’वर आयएसओ ६४०० आणि अर्धा सेकंद ठेवून तांब्याच्या हंड्यासारखा चंद्र मिळवला, थोडा पुसट, पण चंद्र. सासूबाईंनी मात्र तो पाहायचे साफ नाकारले. ‘‘ते काळवंडलेलं तोंड मला नको. माझ्या चतुर्थीचा दाखव.’’

चतुर्थीच्या चंद्राची अडचण वेगळी आहे. तो उगवतो तेव्हा क्षितिजाजवळच्या धुळीतून आणि दाट हवेतून आपल्याकडे पाहतो. पाच अंशांवर असताना त्याचा उजेड डोक्यावरच्या चंद्राच्या दहाव्या हिश्शाइतकाच असू शकतो, आणि पुढल्या तासाभरात तो मिनिटामिनिटाला वाढत जातो. येथे ‘एम’चा साधक दर पाच मिनिटांनी नवे आकडे मांडत बसेल. आणि खाली दिवसभराचा उपास धरून एक चौऱ्याऐंशी वर्षांची बाई थांबलेली असेल तर प्रयोगाला वेळ कोठला!

थंडीतल्या एका संकष्टीला, आकाश स्वच्छ असताना, हे जमले. चंद्र समोरच्या इमारतीच्या टाकीमागून वर आला तेव्हा आयएसओ ४००वर कॅमेऱ्याने सेकंदाचा तिसावा भाग काढला. तो जरा वर आल्यावर शंभरावा. पाऊण तासाने अडीचशेवा. मी फक्त दुर्बीण हलवत होते आणि ठिपका चंद्रावर राखत होते. शंभरभर छायाचित्रे घेऊन कॅमेरा काढला, खाली आले आणि तार लावून तो दूरदर्शन संचाला जोडला.

सासूबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या. कॅमेरा नळीला आडवा बसत असल्याने चंद्र कुशीवर वळलेला दिसत होता. ‘‘ससा निजलाय,’’ त्या म्हणाल्या. पुतण्याने चित्र फिरवून ससा उठवला. मग त्या कडेची विवरे पाहू लागल्या. सावलीच्या रेघेजवळ ती खोल, काठाशी उजळलेली दिसतात, तव्यावरच्या आंबोळीला जाळी पडावी तशी. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. ‘‘हे बघत बसायचे होय वर!’’ शेवटी त्या म्हणाल्या. ‘‘मला वाटायचं, नुसते गार वाऱ्याला बसतात.’’ मग निरांजन घेऊन त्यांनी संचाला ओवाळले. पुतण्या हसला, तर त्याला म्हणाल्या, ‘‘अरे, इतकी वर्षं भिंतीला ओवाळलं, ते चाललं का?’’

ज्यांच्याकडे असा कॅमेरा नाही त्यांनी हिरमुसायचे कारण नाही. मोबाईल नेत्रिकेला टेकवूनही चंद्र येतो. मोबाईल तर अंतर्बाह्य आपोआप. त्यामुळे प्रथम पेढाच येणार. पडद्यावर चंद्रावर बोट टेकवावे, म्हणजे माप चंद्राचे होते. बहुतेक मोबाईलवर बोट तसेच दाबून धरले की माप पक्के होते. मग बोट खाली ओढले की उजेड कमी होतो. स्पॉट, लॉक आणि उणे ही तीच त्रयी. तेथे बटणे, येथे बोट.

दिवसा झाडावरचे पक्षी टिपायला ‘ए’ उत्तमच; त्यावर जास्त लिहिण्यासारखे काही नाही. सूर्याबद्दल मात्र लिहिले पाहिजे. सूर्यासाठी मुद्दाम बनवलेले गाळणे दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसवल्याशिवाय दुर्बीण सूर्याकडे वळवू नये. डोळा क्षणात जातो आणि कॅमेराही जळतो. एक्स-रेची फिल्म किंवा काजळी धरलेली काच हे गाळणे नव्हे. मुलांच्या हाती दुर्बीण देऊन दिवसा खाली जाऊ नये. योग्य गाळणे असेल तर खंडग्रास ग्रहणात ‘ए’ आणि ठिपका यांची जोडी चंद्राइतकीच चांगली चालते.

संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंची पुढची मागणी आली. गुरूचे ते चार चंद्र, ज्यांच्याविषयी सासरे जेवताना बोलत असत, ते त्यांना हवे होते. येथे ‘ए’ची सद्दी संपते. आमच्या दुर्बिणीत गुरूची प्रतिमा पाव मिलिमीटरच्या आसपास भरते आणि माप घेणारी ती गोल जागा तिच्या दसपटीहून मोठी. कॅमेऱ्याच्या लेखी तेथे अंधारच असतो. मुकाट्याने चकती ‘एम’वर नेली, पुतण्याच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहण्यासारखे होते. शिवाय एका मापात भागत नाही. आयएसओ ४००वर सेकंदाच्या शंभराव्या भागात गुरूचे बिंब आणि त्यावरचे दोन पट्टे येतात, पण चंद्र नीट उमटत नाहीत. आयएसओ १६००वर दहाव्या भागात चंद्र येतात आणि गुरू पांढरा पडतो. दोन्ही छायाचित्रे एकापाठोपाठ दाखवली.

सासूबाईंनी दुसऱ्यावर बोट ठेवून मोजले. ‘‘तीनच आहेत. चौथा कुठाय?’’

चौथा त्या वेळी गुरूच्या आड गेला होता. तो बाहेर येईपर्यंत त्या जाग्या राहणार होत्या, म्हणून पुतण्या पुन्हा गच्चीवर गेला.